घोड्याच्या नळीतला चुना

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीला गाणगापूरला जाण्याचा योग आला. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, माधुकरी, हा आमच्या घराण्याचा परंपरागत क्रम. तो आटोपल्यावर वाट थोडी वाकडी केली आणि आळंदवरून, माणिकनगरला प्रभूंच्या समाधीपुढे माथा टेकून, बीदर गाठले. कलबुर्गी आणि बीदर हे जिल्हे आज कर्नाटकात असले, तरी सीमेवरच्या गावांतून मराठी, कानडी आणि दख्खनी या तिन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात.

आळंदला थांबण्याचे कारण मात्र देवाचे नव्हते, घोड्याचे होते. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. मोठ्या मिनतवारीने परत मिळाला तो त्याने पुढे बीदरला विकला. आळंदला शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या वार्षिक बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. घोड्यांच्या खुराकाचीही नोंद त्याने केली आहे: कडधान्य, आणि साखर व तेल घालून शिजवलेली खिचडी! त्याच शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्यात बहमनी आश्रयाखाली अब्दुल्ला इब्न सफीने शालिहोत्राचा फारसी अनुवाद केला. सारांश, घोड्याचे दुखणे ओळखण्याची विद्या या मातीला नवी नाही.

त्या बाजाराची काही खूण सापडते का, हे पाहत हिंडताना वरातीचे घोडे ठेवणाऱ्या एका गृहस्थाची गाठ पडली. दोन घोड्या आणि दीड वर्षाचे एक अबलख शिंगरू, हा त्याचा संसार. शिंगरू देखणे होते, पण पुढच्या उजव्या पायावर किंचित दबून चालत होते. मालकाने गुडघ्याखालच्या नळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, हाताला तर काहीच लागत नाही. बेरहड्डी असती तर बोराएवढी गाठ लागली असती. माघापासून ह्याला वरातीत नाचवायचा विचार होता. त्याच्यासाठी उसनवारी केलीय हो मी.”

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या पागा आता मोटारींच्या झाल्या, म्हणून हे शब्द तरुण वाचकांस अपरिचित वाटतील. नळीवर उठणारी हाडाची गाठ ती बेरहड्डी, मागच्या पायाच्या सांध्यावरची ती हड्डा, आणि खुराच्या वर कड्यासारखी उठते ती चकावळ. साळोत्र्यांची ही भाषा मोठी नेमकी आहे. पण तिच्यात एक उणीव आहे. हे सारे शब्द हाड वर आल्यानंतरचे आहेत. त्यापूर्वी आत काय चालले आहे, ते अंगठ्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ शिंगरू टेम्पोत घालून बीदरला एका पशुवैद्यांकडे निघाला होता. मलाही तेथेच जावयाचे होते. पशुवैद्यकाचे विद्यापीठ बीदरला आहे, त्यामुळे या शास्त्राचा वारा त्या गावाला लागलेला आहे. डॉक्टरांनी शिंगराला गुंगीचे औषध देऊन उभ्यानेच त्याच्या पायाचे क्ष-किरण चित्र घेतले. घेताना पायाशेजारी ॲल्युमिनियमची एक पायऱ्यापायऱ्यांची पट्टी ठेवली. तिचे प्रयोजन विचारले, तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले ते मला फार मोलाचे वाटले.

हाड म्हणजे तंतूंची विणलेली जाळी आणि तिच्यात भरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे सूक्ष्म स्फटिक. राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि वर्षभरातच घोड्यांच्या पायांची चित्रे निघू लागली. पण नुसत्या चित्रावर विसंबता येत नाही. हाडातला जवळजवळ तिसरा हिस्सा चुना ओसरेपर्यंत साध्या चित्रात डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. शिवाय किरण कमी-जास्त सोडले की तेच हाड कधी गडद, कधी फिके उमटते. म्हणून पट्टी. हाडाची छटा तिच्या कोणत्या पायरीशी जुळते ते पाहावयाचे आणि हाड इतक्या मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या तोडीचे आहे, असे माप मांडावयाचे. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच पट्टीने मोजले, म्हणजे चुना भरतो आहे की झिजतो आहे, ते कळते.

मोठ्या शहरांतून, शर्यतीच्या घोड्यांसाठी, याहून सूक्ष्म साधने आहेत. दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण सोडून दर चौरस सेंटिमीटरला किती खनिज आहे ते काढतात. सीटी यंत्र हाडाचे काप दाखवून घनता सांगते. नळीतून श्राव्यातीत ध्वनी सोडूनही परीक्षा होते, कारण भरीव, कणखर हाडातून ध्वनी अधिक वेगाने धावतो. सांध्यावरची गुळगुळीत कूर्चा तर क्ष-किरणांना दिसतच नाही. चित्रात तिच्या जागी नुसती फट दिसते. तिच्यासाठी चुंबकीय यंत्र लागते.

परंतु कूर्चेची एक गोष्ट साधे चित्रही सांगते. डॉक्टरांनी पडद्यावर गुडघ्याच्या वर एक बारीक काळी रेघ दाखवली. ती वाढीची कूर्चा. शिंगराचे हाड तेथून लांबते. मऊ कूर्चेत हळूहळू चुना भरतो, तिचे हाड होते, आणि साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयाला ती रेघ मिटते. या शिंगराची रेघ स्पष्ट उघडी होती आणि नळीची छटाही वयाच्या मानाने फिकी होती. मालकाने भीतभीत विचारले, “मोडलंय का काही, डॉक्टरसाहेब?”

“मोडलेले नाही. अजून बांधून झालेले नाही,” डॉक्टर म्हणाले. “खायला काय घालता?”

“कोंडा, हरभरा, कडबा. कोंडा भरपूर घालतो, साहेब. काटकसर करत नाही.”

नेमके तेथेच पाणी मुरत होते. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या अनेक पट फॉस्फरस असतो. त्याचा अतिरेक झाला की अन्नातला चुना अंगी लागत नाही. मग गळ्यातल्या परावटू ग्रंथी रक्ताची गरज भागविण्यासाठी हाडांतूनच चुना उपसतात. हे फार काळ चालले तर घोड्याचा जबडा आणि तोंडाची हाडे फुगतात. घोडा धष्टपुष्ट दिसतो आणि आतून पोखरत जातो. मायेने भरवलेला कोंडाच त्याचा घात करतो.

डॉक्टरांनी कोंडा कमी करून लसूणघास द्यावयास सांगितला, कारण त्यात चुना विपुल असतो. दिवसभर बांधून ठेवू नका, मोकळ्या रानात हुंदडू द्या, असेही बजावले. ज्या हाडावर जसा भार, तसे ते घडते, हे युलिउस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ मध्येच मांडले होते. मात्र शिंगराचे स्वतःच्या मर्जीने धावणे वेगळे आणि पाठीवर नवरदेव घेऊन ताशाच्या तालावर फरसबंदीवर नाचणे वेगळे. “ही रेघ मिटेपर्यंत पाठीवर कोणी नाही,” हा त्यांचा शेवटचा शब्द.

मालक बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला. त्या रेघेची किंमत त्याला एका लग्नसराईएवढी होती. डॉक्टरांचे शास्त्र त्याचे कर्ज फेडणार नव्हते, आणि माझ्यापाशीही उत्तर नव्हते. पण एक गोष्ट त्या चित्राने केली. आजवर असा माणूस अंगठ्याला काही लागले नाही म्हणून शिंगराला जुंपत असे, आणि दोन वर्षांत ते कायमचे लंगडे होत असे. त्यात क्रूरता नव्हती, अज्ञान होते. आज निदान थांबायचे की नाही, हे तो पाहून ठरवू शकत होता.

भीमेच्या काठच्या भिमथडी तट्टांवर आपल्या पूर्वजांनी मुलूख तुडवले. त्या तट्टांचे पाय कणखर, ही आपण अभिमानाने सांगतो ती गोष्ट. ती कणखरता शेवटी चारा, मोकळे रान आणि धीर यांचीच होती. या मापांचा उपयोग शर्यतीच्या मैदानापुरता राहू नये. आळंदच्या गोठ्यापर्यंत ती पट्टी पोचली पाहिजे.

परवा त्या गृहस्थाचा फोन आला. माघ उलटला होता. दोन्ही घोड्या वरातींना जात होत्या आणि उसनवारीची मुदत त्याने कशीबशी वाढवून घेतली होती. शिंगराचे विचारले तेव्हा म्हणाला, “रानात सोडलंय, काका. पुढच्या साली बघू.”