सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही – हे खरे का?

घरात सून गरोदर असली की एखादी जुनी आजीबाई हमखास सांगते, "सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही." हे बोलणे इतक्या पिढ्या चालत आले आहे की आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर घरची माणसे धीर सोडतात. "आता नेऊन तरी काय उपयोग?" असे म्हणण्यात मोलाचा वेळ निघून जातो.

वाचकहो, ही समजूत साफ चुकीची आहे. बाळ आईच्या पोटात जितके अधिक दिवस राहील तितकी त्याची फुप्फुसे तयार होतात, अंगावर चरबी येते, दूध ओढण्याची ताकद येते. म्हणून सातव्यातल्यापेक्षा आठव्यातल्या बाळाला जगण्याची आशा जास्त. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. जगात सुमारे दहा बाळांमागे एक बाळ असे जन्मते. पाच वर्षांच्या आत जी मुले दगावतात, त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

शहरात अशा बाळाला काचेच्या पेटीत ठेवतात. खेड्यातल्या बाळाने काय करावे? याचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीच्या खेड्यांत सापडले.

गावच्या बाईने केलेली मोजणी

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात किती बाळे जातात, हे त्यांना आधी नीट मोजायचे होते. हे काम वाटते तितके सोपे नाही. बाळ दोन-चार तासांत गेले तर त्याचे नावही ठेवलेले नसते. घरचे मुकाट्याने पुरून येतात. कागदावर ते बाळ जन्मतही नाही आणि मरतही नाही. असे दुःख परक्या माणसाला कोण सांगणार? गावातल्या ओळखीच्या बाईला मात्र ते सांगता येते.

१९९३ पासून ही मोजणी झाली, तेव्हा दर हजार बाळांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. मग ३९ गावांतल्या थोड्याबहुत शिकलेल्या बायांना शिक्षण देऊन 'आरोग्यदूत' केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करीत, त्याला ऊबदार कपड्यात ठेवीत आणि आईला दूध पाजायला मदत करीत. जंतुदोषाची लक्षणे दिसली तर घरातच औषध आणि इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ६२ चा आकडा २५ च्या आसपास आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी आधी शंभरात ३३ जात होती, पुढे २००३ पर्यंतच्या काळात ते प्रमाण १० वर आले. हे काचेच्या पेटीशिवाय घडले.

१९९९ साली हा अभ्यास इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११ पासून भारत सरकारने देशभर आशाताईंकडून घरोघरी नवजात बाळाची तपासणी सुरू केली, ती याच धर्तीवर.

कोकरांपासून निघालेले औषध

आता कोणी विचारील, मोठमोठ्या देशांत शोध लागतातच, तेच आणून वापरले तर? याचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे.

न्यूझीलंडमधले डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. स्टेरॉइड दिल्यावर दिवस भरण्याआधी जन्मलेली कोकरे, जगू नयेत अशी असूनही, श्वास घेताना त्यांना दिसली. औषधाने फुप्फुसे लवकर तयार झाली होती. १९७२ साली त्यांनी व डॉ. हॉवी यांनी दाखवून दिले की लवकर प्रसूती होऊ घातलेल्या आईला हे इंजेक्शन दिले तर माणसाचे बाळही वाचते. मोठ्या दवाखान्यांत ते रुळले.

मग गरीब मुलखांतही ते सरसकट वाढवून पाहू, असे ठरले. सहा देशांतल्या सुमारे एक लाख बाळंतपणांवर प्रयोग झाला. त्यात आपला नागपूर भाग आणि कर्नाटकातले बेळगावही होते. २०१५ साली निकाल आला तो उलटा. अगदी लहान बाळांना फायदा झाला नाही, आणि एकूण पाहता इंजेक्शनाचा प्रसार केलेल्या भागांत हजारामागे तीन-चार नवजात बाळे जास्त दगावली. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायांची बाळे तितकी लहान नव्हतीच.

पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत पुन्हा अभ्यास झाला. या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केले होते आणि बाळाच्या देखभालीची सोय होती. या वेळी मृत्यू शंभरात २३-२४ वरून १९-२० वर आले. औषध तेच, पण दिवस नीट मोजले आणि पुढची देखभाल झाली तेव्हा ते लागू पडले. एका जमिनीत आलेले बियाणे दुसऱ्या जमिनीत लावून पाहिल्याशिवाय आपण भरवसा ठेवत नाही, तसेच हे आहे. आपल्या बाळांवरचे उपाय आपल्या मुलखात, आपल्याच डॉक्टरांनी आणि आरोग्यसेविकांनी तपासून पाहिले पाहिजेत.

आपण काय करायचे?

असे काम पैशाने होतेच, पण घरच्यांच्या खऱ्या माहितीशिवाय होत नाही.

पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'नऊ महिने नऊ दिवस' हा जुना हिशेब फारसा चुकीचा नाही, पण शेवटच्या पाळीचा पहिला दिवस माहीत नसेल तर मोजणार कुठून? लाजून अंदाजाने तारीख सांगू नका. लवकर एक सोनोग्राफी करून घ्या.

बाळ जन्मले की वजन करू द्या आणि नोंद करा. गेलेल्या बाळाचीही नोंद करा. ते सांगणे जड जाते हे खरे, पण त्या नोंदीतूनच पुढच्या आईचे बाळ वाचते.

दिवस भरण्याआधी कळा आल्या किंवा पाणी गेले तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. लहान बाळाला अंघोळीची घाई करू नका. आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. ओढता येत नसेल तर आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. बाळ गार लागले, दूध सोडले, मलूल झाले किंवा श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर तत्काळ न्या.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्याच दिवशीही येतात. बाळंतिणीच्या खोलीचे दार त्यांना उघडे ठेवा, आणि त्या विचारतील ते खरे सांगा.