निरोगी आईबापांच्या पोटी

मूल वर्षाचे होण्यापूर्वीच त्याचे डोके प्रमाणाबाहेर वाढू लागते. आजीला वाटते, बाळसे धरले. पुढे ते चालते, परंतु झोक जातो; काही वर्षांनी पाय ताठरतात, आकडी येते. बुद्धी मात्र बहुधा पुष्कळ काळ शाबूत राहते. आपले अंग आपले ऐकत नाही, हे त्या लेकरास कळत असते.

मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, ते अग्रवाल समाजातील मुलांवरून. आपल्या भोपाळच्या बाजारपेठेत ही मंडळी आपले शेजारी आहेत.

मेंदूतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते; विजेच्या तारेवर रबर असते तसे. त्याची हानी करणारे जनुक २००१ साली बाविसाव्या गुणसूत्रावर सापडले. जनुक म्हणजे पेशीतील लेखी आज्ञा. अग्रवाल रुग्णांत या आज्ञेत एकच अक्षर जादा शिरलेले आढळले, आणि तेवढ्याने पुढील सारा मजकूर चुकीचा वाचला जातो. मग मेंदूतील पाण्याचा तोल राखणारे प्रथिन निकामी होते व मायलिनच्या थरांत पाणी साचून सूक्ष्म पोकळ्या पडतात.

इतक्या घरांत तीच चूक, म्हणजे ती एका प्राचीन पूर्वजाकडून आलेली असावी. गोत्र टाळले तरी सोयरीक जातीतच होते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेची, एक पित्याची. एक चांगली असली की माणूस निरोगी. दोघांकडेही एकेक सदोष प्रत असेल, तर दर खेपेस चारांत एक अपत्य आजारी होण्याचा संभव. तीन मुले धडधाकट झाली म्हणून चौथे आजारीच होईल असे नव्हे, आणि पहिले आजारी झाले म्हणून पुढील तिघे सुटले असेही नव्हे. फासा दर वेळी नव्याने पडतो.

१९८४ च्या वायुदुर्घटनेपासून या शहरात प्रत्येक व्यंगाचा संबंध वायूशी जोडला जातो, आणि त्यास कारणही आहे. हा दोष मात्र त्याहून फार जुना. खेड्यांत वायूऐवजी सुनेचा पायगुण पुढे येतो, हे अधिक वाईट. आपल्याही गावांत सोयरिकी चार घराण्यांतच फिरतात. ख्रिस्तसभेचा नियम सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांच्या विवाहास सूट मिळाल्यावाचून आडकाठी करतो. परंतु दूरच्या नात्यांतून असा दोष येणे त्याने थांबत नाही.

रोगावर अद्याप उपाय नाही. आकडी औषधाने आवरता येते. डोक्यास लागलेला किरकोळ मारही अशा मुलाची प्रकृती एकाएकी खालावू शकतो, म्हणून डोके जपावे. पुढील गरोदरपणापूर्वी जनुकतपासणी करता येते. तिला पतिपत्नी दोघांनी जावे. एकट्या सुनेस पाठवू नये.