निळ्या गोळीत राहून गेलेलं जीवनसत्त्व

सप्टेंबर लागला की पोषण माह येतो. अंगणवाडीसमोर रांगोळ्या निघतात, पालेभाज्यांची प्रदर्शनं मांडली जातात, साहेबांचे फोटो छापून येतात. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात आणि सीमेअलीकडे रावेरातही हेच. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, गरोदर बाईला रोज लाल. दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. बी-१२ मात्र एकीतही नाही, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं नेमकं इथंच बोट ठेवत आहेत.

शरीरात फोलेट आणि बी-१२ जोडीनं राबतात. फोलेटकडचा मिथाइल गट होमोसिस्टीनवर चढवणाऱ्या एन्झाइमला बी-१२ लागतं. त्यातून मेथिओनिन बनतं, मेथिओनिनपासून 'सॅम' नावाचं रसायन, आणि हे सॅम डीएनएवर मिथाइलच्या खुणा उमटवतं. जनुक बदलत नाही. ते बोलणार की गप्प बसणार, हे ठरवण्यात या खुणांचा मोठा वाटा असतो. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणालाही हाच मिथाइल लागतो. म्हणून बी-१२ घटलं की तळपायाला मुंग्या येतात, विसरायला होतं. बी-१२ विना नुसतं फॉलिक ॲसिड देणं म्हणजे, बऱ्हाणपूरच्या विणकरांच्या भाषेत, सुताचे ढीग लावायचे आणि मागाला धोटाच द्यायचा नाही.

आता आकडे पाहा. पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतले ४४१ पुरुष याज्ञिकांच्या गटानं तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. फोलेटची कमतरता जेमतेम ५ टक्क्यांत! म्हणजे जे बहुतेकांकडे होतं ते आपण वाटत बसलो.

याज्ञिकांचं एक छायाचित्र वैद्यकात गाजलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ते आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे दिसले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सडसडीत, आतून चरबीदार. ही चरबी नुसती पडून राहत नाही, दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. तिची मुळं शोधायला ते पुण्याजवळच्या सहा गावांत गेले, १९९३ साली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, तरी आपल्या बाळांची चरबी त्या मानानं टिकून होती. पुढे ज्या आयांमध्ये गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक आढळलं.

एपिजेनेटिक्सचं नाव घेऊन हल्ली काहीही खपवलं जातं. आजीच्या उपासमारीचा शिक्का नातवाच्या मेंदूवर, असले मथळे वाचताना सावध राहिलेलं बरं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक आणि याज्ञिक यांना बी-१२ दिल्यावर मधुमेहाशी निगडित काही जनुकांवरच्या खुणा बदललेल्या दिसल्या, पण त्या रक्तातल्या. जिवंत माणसाचा मेंदू कोण उघडून बघणार? त्याच सहा गावांतल्या तरुण मुलामुलींना लग्नाआधीपासून रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं, तेव्हा पुढे त्यांची दोन वर्षांची मुलं आकलनात आणि भाषेत सरस ठरली. उमेद वाटावी असा निष्कर्ष. मात्र तपासलेली मुलं शंभराहून कमी.

तरीही वेळेचा मुद्दा उरतोच. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती गर्भाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांत मिटते, तेव्हा दिवस गेल्याचा पत्ताही अनेकींना नसतो. लाल गोळी हाती पडेपर्यंत ती वेळ टळलेली असते. म्हणून बी-१२ची भर घालायची तर निळ्या गोळीतच घालायला हवी.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळात बी-१२ आहेच, असं उत्तर मिळेल. आहे, किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला २०० ग्रॅम भात खाल्ला तरी गरजेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं पोटात जातं, आणि आपल्या पट्ट्यात ताटात भाकरी-पोळीच जास्त. पुरावा अपुरा आहे म्हणता? मग मोठी चाचणी घ्या, आणि ती घेताना तापीकाठच्या शाळाही वगळू नका.