नांगर : भूमीचा आणि पाण्याचा

चामोर्शीच्या शेतकऱ्यास ‘नांगर’ म्हटलें म्हणजे धानाची बांधी उकरणारें औत आठवतें. कोंकणच्या तांडेलास त्याच शब्दानें गलबत खिळवून ठेवणारा लोखंडी आंकडा दिसतो. दोहोंचेंहि कार्य मातींत रुतल्यानेंच होतें. परंतु लहान शिडाच्या होड्या वापरतात तो ‘सागरी नांगर’ मातीस कधींच शिवत नाहीं. दर्यावर्दी कागदांचा संग्रह करणारांनीं हा भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे.

भर समुद्रांत तळ हाताशीं नसतो, आणि लाटांस आडवी सांपडलेली होडी उलटते. म्हणून जाड कापडाची शंकूच्या आकाराची पिशवी, रुंद तोंडास कडें बसवून, लांब दोरानें होडीच्या पुढील टोंकावरून सोडतात. ती पाण्यानें भरून जड होते. वारा होडीस मागें रेटतो, पिशवी तिला ओढून धरते, व होडीचें तोंड वाऱ्याकडे राहतें. शेपटाशीं बांधलेली दुसरी दोरी ओढली कीं पिशवी उलटून सहज वर येते. हिचाच धाकटा प्रकार सुकाणूच्या बाजूनें सोडतात. तो होडीस थांबवीत नाहीं; लाटेच्या उतारावरून ती बेफाम धांवूं नये व आडवी वळूं नये, एवढ्यापुरता वेग आंवरतो.

आपल्या नद्यांत एकाच खोडाचा कोरीव डोंगा चालत आला आहे. कॅनडांतील आदिवासींच्या अशाच एका डोंग्यास तीन डोलकाठ्या चढवून कप्तान व्हॉस इ. स. १९०१ त व्हिक्टोरियाहून निघाला आणि १९०४ त इंग्लंडास पोंचला. ‘तिलिकम’ नांवाच्या त्या होडीस वादळांत सागरी नांगरानेंच तारलें, असें त्याचें मत होतें. पुढें १९७९ च्या फास्टनेट शर्यतींत १५ खलाशी मृत्यु पावले. त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन ह्यानें एकाच दोरावर शेंकडों लहान शंकू ओंवण्याची युक्ति काढली.

मराठी आरमाराची रीत निराळी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, पावसाळ्यांत आरमार दुर्गाच्या आश्रयास सुरक्षित बंदरीं ठेवावें, असा रोख आहे. वादळापूर्वींच बंदर गांठणें हा तेथील उपाय. सागरी नांगर हा बंदर न लाभलेल्याचा उपाय.

तेव्हां जुन्या पत्रांत ‘नांगर टाकिला’ असें आढळल्यास प्रथम स्थळ पाहावें. बंदर, खाडी किंवा उथळ किनारा असेल तर तो लोखंडीच समजावा. शब्द एक असला तरी एक नांगर भूमीवर विसंबतो, दुसरा पाण्यावर. आणि जेथें भूमि सांपडत नाहीं, तेथें खलाशाचा जीव ह्या दुसऱ्यावरच असतो.