औषधाची चाचणी आणि हिशेबाची वही
सही करण्याआधी काय वाचावे, आणि या क्षेत्रात आपल्या मुलांना काम कुठे आहे?

बाळकुम नाक्यावरून जुन्या आग्रा रस्त्याने पुढे गेले की कशेळीचा पूल लागतो आणि पुलापलीकडे भिवंडी. मालाचे टेम्पो घेऊन या रस्त्याने ये-जा करणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना बाळकुम नवे नाही. जून २०२० मध्ये ठाणे महापालिकेने इथेच हजारावर खाटांचे कोविड रुग्णालय उभारले आणि ज्यांनी हे नाव कधी ऐकले नव्हते त्यांच्याही तोंडी ते आले.

त्यानंतरच्या वर्षी, एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, रुग्णांचे नातेवाईक प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवत होते. बरा झालेला दाता शोधा, त्याच्या हातापाया पडा, पैसे उभे करा, असे दिवस होते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर देशात तयार होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० मध्ये ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेतली होती. प्लाझ्मा दिलेल्या २३५ रुग्णांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न दिलेल्या २२९ पैकी ४१. म्हणजे शंभरी १९ आणि शंभरी १८. फायदा काहीच नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत किती कुटुंबांची धावपळ वाया गेली, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

औषधाची चाचणी, ज्याला सर्वत्र क्लिनिकल ट्रायल म्हणतात, ती म्हणजे काय, ती कशी चालते आणि तिच्याशी आपला संबंध कुठे येतो, हे प्रत्येक घरात माहीत असणे गरजेचे आहे.

दोन वाटे, एक चिठ्ठी

चाचणीचे तत्त्व सोपे आहे. सारख्या रुग्णांचे दोन वाटे करायचे. एका वाट्याला नवे औषध, दुसऱ्याला आज चालू असलेला उपचार. कोण कोणत्या वाट्याला जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे. शक्य असेल तिथे कोणाला काय दिले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही आणि डॉक्टरलाही नाही. शेवटी दोन्ही वाट्यांची मोजदाद करायची. नव्या रंगाचा पक्केपणा तपासताना रंगारी एकाच ताग्याचे दोन तुकडे घेतो, तसेच हे.

मुंबईला हा प्रकार नवा नाही. प्लेगच्या साथीत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना करून लसीचा गुण पाहिला. लोकांच्या मनात भीती होती, तेव्हा तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपले ‘खुशरू लॉज’ दिले.

पाच वर्षांनी याच लसीवर मोठे संकट आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व १९ जण ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून टोचलेले होते. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद होती, म्हणूनच बिघाड एका बाटलीत आहे हे समजले. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम गमवावे लागले. परंतु बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हीही गोष्ट साक्षीत होती. त्या आधारे तज्ज्ञांनी आवाज उठवला आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. बाटलीचा क्रमांक आणि चिमट्याची साक्ष लिहिलेली नसती, तर एका भल्या माणसावरचा डाग कधीच पुसला गेला नसता.

कारभार कसा चालतो?

आजच्या चाचणीत चार पक्ष असतात. पैसा घालणारी औषध कंपनी. तिच्या वतीने कामाचा ठेका घेणारी संशोधन संस्था. रुग्णालयातील मुख्य संशोधक डॉक्टर. आणि या तिघांवर नजर ठेवणारी नीतिसमिती, जिला एथिक्स कमिटी म्हणतात. सर्वांच्या वर दिल्लीतील औषध महानियंत्रकाचे कार्यालय. नवे औषध असेल तर त्या कार्यालयाची परवानगी आणि नीतिसमितीची मंजुरी या दोन्हींशिवाय पहिला रुग्ण घेता येत नाही. शिवाय २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, चाचणीची आगाऊ नोंद करावी लागते. १५ जून २००९ पासून हे सक्तीचे आहे. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते.

रोजचे काम मात्र व्यापाऱ्याला ओळखीचे वाटेल असेच आहे. औषधाच्या किती बाटल्या आल्या, किती दिल्या, किती परत आल्या, किती फुटल्या याची साठावही ठेवतात आणि शेवटची शिल्लक जुळावीच लागते. फ्रीजचे तापमान रोज लिहितात. नोंद त्याच दिवशी करायची, आठवड्याचे एकदम नाही. चूक झाली तर आकड्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. पांढरी शाई लावणे म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखेच. कंपनीचा मॉनिटर ठरावीक मुदतीने येतो आणि अहवालातील आकडे रुग्णाच्या मूळ केसपेपरशी ताडून पाहतो. या क्षेत्रात म्हण आहे : जे लिहिले नाही ते घडलेच नाही.

नोंद ढिली राहिली तर काय होते? २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प चालू होता. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. चौकशीत दिसले की आंध्रात अनेक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सही केली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रकरणे गेली, २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले आणि मार्च २०१९ मध्ये ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम’ लागू झाले. आजचा कारभार याच नियमांवर चालतो.

मंदीच्या दिवसांतील सही

आता आपल्या घरचा प्रश्न. यंत्रमाग बंद आहेत, हाताला काम नाही, आणि कोणी ओळखीचा सांगतो : “दोन रात्री राहायचे, रक्त द्यायचे, पैसे मिळतात.” ही बहुधा जैवसमतुल्यता चाचणी असते. एखाद्या औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे निरोगी माणसांवर तपासतात. आदल्या रात्री भरती, रात्रभर उपाशीपोटी, सकाळी गोळी आणि मग हातातील सुईतून ठरावीक वेळांना रक्ताचे नमुने. काही दिवसांच्या खंडानंतर तेच दुसऱ्या गोळीसाठी. हे काम कायदेशीर आहे. केंद्राची सरकारी नोंदणी असावी लागते, आणि मोबदल्याची रक्कम नीतिसमितीने मंजूर केलेली असते.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, न वाचता सही करणे. दुसरा, पैशाच्या गरजेपोटी खोटे सांगणे. मागच्याच महिन्यात दुसऱ्या केंद्रावर रक्त देऊन आलो हे लपवले, तर अंगात आधीच्या औषधाचा अंश असू शकतो आणि रक्ताची भरही झालेली नसते. त्यात जीव आपला जातो आणि वहीही खोटी होते. त्या खोट्या वहीच्या भरवशावर ती गोळी उद्या बाजारात येते आणि आपल्याच आईच्या औषधांत असते.

सहीपूर्वी पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात :

१) संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवे, मराठी, हिंदी वा उर्दू. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर ते वाचून दाखवले पाहिजे आणि त्याची सही हवी.

२) सही केलेली एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. तीवर डॉक्टरचा व नीतिसमितीचा संपर्क हवा.

३) चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

४) अर्जात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव विचारतात. हा रकाना मोकळा सोडू नये. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई त्याच नावावर जाते.

५) त्रास झाला तर लगेच कळवावे. उपचाराचा खर्च प्रायोजकाचा असतो. त्रासाचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध झाले तर ही जबाबदारी थांबते.

भरपाईचा हिशेब कामगार नुकसानभरपाई कायद्यातील वयाच्या कोष्टकावरून करतात. आठ लाख या मूळ रकमेला वयाच्या अंकाने आणि जोखमीच्या अंकाने गुणायचे व ९९.३७ ने भागायचे. तीस वर्षांच्या माणसाचा वयाचा अंक २०७.९८ आणि निरोगी माणसाच्या जोखमीचा अंक ४. म्हणजे चाचणीमुळे त्याचा मृत्यू झाल्याचे ठरले तर सुमारे ६६ लाख ९७ हजार रुपये. आधीच गंभीर आजारी असलेल्याचा जोखमीचा अंक कमी, म्हणून रक्कमही कमी. गंभीर घटना डॉक्टरने २४ तासांत वर कळवायची असते, आणि भरपाईचा आदेश निघाल्यावर प्रायोजकाने ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. परंतु तो मागताना पहिला कागद लागतो तो संमतीपत्राची प्रत.

एक गोष्ट आपल्यापुरती. चाचणी रमजानमध्ये येत असेल, तर दिवसा गोळी घ्यायची आहे का, हे सहीपूर्वीच विचारावे. रोजा ठेवून गोळी गुपचूप चुकवायची आणि वहीवर “घेतली” असे सांगायचे, हा सर्वांत वाईट मार्ग. वेळ बदलता येते का ते डॉक्टर सांगतील. बदलता येत नसेल तर सहभागी न होणे चांगले. कॅप्सूलच्या वेष्टनातील जिलेटिन कशाचे आहे हेही आधीच विचारता येते. प्रश्न विचारणारा सहभागी चांगल्या डॉक्टरला आवडतो.

रोजगार आणि एक रिकामी खुर्ची

या क्षेत्रात डॉक्टरांशिवायही पुष्कळ माणसे लागतात. फार्मसी, नर्सिंग किंवा जीवशास्त्राची पदवी घेतलेली आपली मुले-मुली रुग्णालयात समन्वयक म्हणून सुरुवात करू शकतात. रुग्णाला समजावणे, तारखा सांभाळणे, नोंदी ठेवणे हे त्यांचे काम. अनुभवाने पुढे मॉनिटर होता येते. त्यासाठी उत्तम आचारपद्धतीचे, म्हणजे जीसीपीचे, प्रशिक्षण आवश्यक असते. मराठी-उर्दू-इंग्रजी तिन्ही येणाऱ्याला संमतीपत्रांच्या भाषांतराचे काम आहे. भाषांतर बरोबर आहे का हे पाहण्यासाठी दुसऱ्याकडून ते पुन्हा मूळ भाषेत करून घेतात, म्हणजे काम दुप्पट. औषध थंड राखून पोहोचवणे आणि कागदपत्रे वर्षानुवर्षे जपून ठेवणे हे धंदे गोदामवाल्यांना जमण्यासारखे आहेत.

आणि ती खुर्ची? नियमाप्रमाणे नीतिसमितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांतील निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. किमान एक महिला, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य माणूस हवा. समाजसेवक, तत्त्वज्ञ किंवा धर्माचा अभ्यासक यांनाही तिथे जागा आहे. सामान्य माणसाचे काम इतकेच की कागद वाचायचा आणि म्हणायचे, “हे मला समजले नाही, मग रुग्णाला कसे समजेल?” दुकानाच्या गल्ल्यावर वीस वर्षे बसलेल्या, समोरचा गिऱ्हाईक काय समजला आणि काय नाही हे चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या माणसाला हे काम जड नाही. आपल्या भागातील मोठ्या रुग्णालयात अशी समिती असेल तर तिथे जाऊन चौकशी करण्यास हरकत नाही.

तोपर्यंत निदान एवढे करावे. घरातील कोणाच्या हाती संमतीपत्र आले तर त्याच दिवशी सही करू नये. कागद घरी आणावा, कुटुंबात वाचावा, न समजलेल्या ओळींवर खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला विचारावे. विचार करायला वेळ मागण्याचा हक्क आपल्याला आहे. जो तो वेळ देत नाही, त्याच्याकडे सही करू नये.