पद्मिनीचा पंप आणि दाबमापकाचा काटा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने जी मोटार बाहेर पडत राहिली, तिने मुंबईच्या टॅक्सीव्यवसायावर कित्येक दशके अंमल गाजविला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेच्या नियमान्वये तिची अखेरची टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. परंतु खाडीपलीकडे, वाशी-नेरूळच्या वसाहतींत, हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजून आढळतात. मे महिन्याच्या दुपारी सायन-पनवेल महामार्गाच्या कोंडीत अशी गाडी गचके देऊन बंद पडली, की दोष विजेचा की पेट्रोलचा याची शहानिशा करण्यासाठी जाणता मिस्त्री दाबमापक बाहेर काढतो.

या उपकरणाची भाषा कळावयास पंपाची रचना ध्यानी घेतली पाहिजे. इंजिनातील कॅमच्या हालचालीने दांडा डायफ्रामला खेचतो आणि टाकीतून पेट्रोल ओढले जाते. पुढे ढकलण्याचे काम मात्र डायफ्रामखालची स्प्रिंग करते. कार्ब्युरेटरमधील फ्लोटची सुई मिटली, म्हणजे स्प्रिंग दबलेलीच राहते व दांडा मोकळा हलतो. म्हणजे दाब ठरविणारी ती स्प्रिंग होय, इंजिनाची गती नव्हे. ही मोठी सुबुद्ध योजना आहे आणि मला तिचे मनापासून कौतुक वाटते.

पंप व कार्ब्युरेटर यांच्यामधल्या नळीत टी बसवून दाबमापक जोडतात. अशा पंपाचा दाब साधारणतः अडीच ते चार पौंडांच्या आसपास असतो. म्हणून शंभर पौंडांपर्यंत आखलेल्या तबकडीवर तो वाचण्याचा प्रयत्न व्यर्थ होय, दहा-पंधरा पौंडांचेच मापक हवे. तेही कार्ब्युरेटरच्या उंचीला धरावे, कारण पेट्रोलने भरलेल्या नळीत एक फुटाच्या फरकाने सुमारे एक तृतीयांश पौंडाची तफावत पडते, आणि एवढ्या लहान आकड्यात ती क्षुल्लक नव्हे.

पुष्कळ जण आकडा पाहून थांबतात. माझ्या मते आकड्यापेक्षा काट्याची चाल अधिक बोलकी असते. आरंभी ठीक असलेला दाब गाडी चालता चालता हळूहळू उतरत गेला, तर टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र बुजले आहे काय, हे आधी पाहावे. झाकण सैल करताच काटा वर चढला, तर तपास तेथेच संपतो. काटा थरथरत राहिला, तर पंप बहुधा कोठेतरी हवा घेत असतो: टाकीकडची रबरी नळी भेगाळलेली, किंवा जोड ढिला. जुन्या रबरास वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मानवत नाही, त्यामुळे ही व्याधी अलीकडे विशेष बळावते; नळ्या व डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्यावेत. इंजिन बंद करताच काटा कोसळला, तर पंपातील झडप किंवा फ्लोटची सुई गळते आहे. दाब अवाजवी वाढला, तर नव्या पंपाची स्प्रिंग कडक असून ती सुईला रेटते व कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो.

दाब उत्तम असूनही गाडी चढावर घुटमळते, अशा वेळी मात्र दाबमापक अपुरे पडते. गच्च फिल्टरमधूनही दाब उभा राहतो. प्रवाह उभा राहत नाही. तेव्हा नळी मोजमापी बाटलीत सोडून, ठिणगीपासून दूर, पेट्रोल किती वेळात किती येते, ते पाहिले पाहिजे. कोंडीतील बंद पडणे वेगळे: तप्त इंजिनालगतच्या पंपात ओढीच्या बाजूस दाब कमी असल्यामुळे पेट्रोलची वाफ होते, आणि गाडी निवल्यावर सारे पूर्ववत दिसते. याचा निर्णय गाडी तापलेली असतानाच लागतो. सकाळच्या गारव्यात घेतलेल्या मापनाचा येथे उपयोग नाही.

डायफ्राम फाटलेला निघाला, तर नवा बसवून समाधान मानू नये. फाटक्या डायफ्राममधून पेट्रोल खाली तेलाच्या टाकीत उतरते; तेलपट्टीला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरू करण्याआधी सारे तेल काढून नवे भरावे, कारण पातळ झालेल्या तेलावर १०८९ सी.सी.च्या त्या इंजिनाच्या बेअरिंगा फार काळ टिकत नाहीत.