आजीव म्हणजे कुणाचा जीव?

‘आजीव वर्गणी’ हा शब्द आपल्याला मासिकांमुळे ठाऊक आहे. आता सॉफ्टवेअरही ‘लाइफटाइम’ मिळतं. पण हे आयुष्य कुणाचं? बहुतेक वेळा विकणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नव्हे.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. ज्यांच्या कपाटात जुने अंक आहेत, ते आजही वाचतात. उलट मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तकं गेली. आणि कंपनी तर जिवंतच होती!

फरक इथं आहे. जे सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर चालतं, ते कंपनी बुडाली तरी तो संगणक आहे तोवर बहुधा चालत राहतं. जे दर वेळी कंपनीच्या सर्व्हरला विचारून उघडतं, ते तिच्याबरोबरच जातं.

म्हणून झरीतल्या दुकानदारानं हिशेबाचं सॉफ्टवेअर घेण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. नेट बंद करून ते उघडतं का? आणि उधारीची यादी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचता येईल अशी बाहेर काढता येते का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. वचन कंपनीचं असतं. उधारी मात्र आपली असते.